काय पाहिलंस, ते सांग

गुहागर–विजापूर महामार्गानं कराडहून विट्याकडं निघालं की वाटेत कडेगाव लागतं. एसटी स्टँडच्या आजूबाजूला तालुक्याच्या कुठल्याही गावी असतात तसे फलक असतात: वाढदिवस, पुण्यस्मरण, पोलीस भरतीत झालेली निवड. अलीकडं त्यांत आणखी एक दिसू लागला आहे. ‘उच्च शिक्षणासाठी परदेशी रवाना होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ मुलाचा किंवा मुलीचा फोटो, मागं विमान, खाली ‘समस्त ग्रामस्थ व मित्रपरिवार’. महिनाभरात ऊन-पाऊस त्या फलकाची वासलात लावतात. तोवर पोरगं तिकडं पहिल्या थंडीला तोंड देत असतं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘प्रवास’ हा विषय दिला, तेव्हा मला या फलकांवरच्या मुलांना गाठावंसं वाटलं. पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत परदेशी शिक्षण आता दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत पोचलं आहे. तिथं कुणी ना कुणी मामा, आत्या आधीच न्यू जर्सीत असते. कडेगावच्या मुलाला विमानतळावर घ्यायला यायला कुणी नसतं, कारण घरातून बाहेर पडलेला तोच पहिला. तो तिथं काय पाहतो, काय खातो, सुट्टीत कुठं फिरतो, आणि हे सगळं घेऊन घरी आल्यावर त्याचं पुढं काय होतं, हे मला समजून घ्यायचं होतं.

घर सोडणं या मातीला नवं नाही. हा तालुका पूर्वी खानापूर तालुक्यातच होता. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव हा पट्टा पर्जन्यछायेचा. पाऊस हुलकावणी द्यायचा, म्हणून इथली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली. सराफाकडचं जुनं, मिसळीचं सोनं आटवून, तेजाबानं शुद्ध करून द्यायचं, हा तो धंदा. तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत जिथं सराफपेठ आहे, तिथं बहुधा या भागातलं दुकान सापडतं. मिसरूड फुटायच्या आत पोरगं चुलत्याच्या दुकानी जायचं, भट्टीशेजारी झोपायचं आणि वर्षा-दोन वर्षांत तिथली भाषा सफाईनं बोलू लागायचं. गावाकडं बंगले उठायचे. ते वर्षभर बंद असायचे आणि यात्रेला उघडायचे. परमुलखात कसं राहावं याचं शहाणपण इथं घरोघरी आहे. पण गलाईवाल्याला गावानं विचारलं ते एकच: धंदा कसाय? तिथं शेजारी कोण, सणाला काय रांधतात, माणूस गेला तर खांदा द्यायला कोण येतं, हे त्याला फारसं कुणी विचारलं नाही. मग त्यानंही सांगितलं नाही. एवढा मोठा अनुभव बराचसा न बोलता, न लिहिता विरून गेला. परदेशी शिकणाऱ्या पोरांच्या बाबतीत तेच होऊ घातलं आहे, ही या लेखामागची माझी काळजी.

सातबारा चालत नाही

पैसा कसा उभा राहतो, हे पाहिल्याशिवाय या मुलांचा प्रवास कळत नाही. ताकारी आणि टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी चढावर आणलं आणि जिथं ज्वारी-बाजरीवर भागायचं तिथं ऊस उभा राहिला. वांगीला सोनहिरा कारखाना आहे. उसाच्या बिलाचे हप्ते घरात येऊ लागले, तशी मोठी शिक्षणं मनात येऊ लागली. सोनसळसारख्या लहान गावातून निघालेल्या पतंगराव कदमांनी १९६४ मध्ये पुण्यात भारती विद्यापीठ सुरू केलं. शिक्षणाच्या जोरावर माणूस कुठवर जातो, याचं उदाहरण इथल्या घरांना पुस्तकात शोधावं लागत नाही.

पण तीन एकर बागायतीचा मालक बँकेत शैक्षणिक कर्ज मागायला गेला की चकित होतो. साडेसात लाखांवरच्या कर्जाला साधारणपणे तारण लागतं, आणि शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. कारण कायद्यात आहे. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार २००२ च्या सरफेसी कायद्यानं बँकांना दिला, पण शेतजमीन त्यातून वगळली. शेतकऱ्याची जमीन वाचावी म्हणून केलेली ही तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. शिक्षणाच्या कर्जावेळी मात्र तीच आडवी येते. बरं, घर तारण द्यावं, तर गावठाणातल्या घराला सातबारा नसतो आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा बँकेला पुरत नाही. अलीकडं ड्रोननं गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं हाती येऊ लागली, तेव्हा कुठं काही घरांची वाट मोकळी झाली.

चिंचणीकडचे एक शेतकरी मला म्हणाले, “सातबारा टेबलावर ठेवला, तर साहेब म्हणाला हा चालत नाही. म्हणलं, सात पिढ्या चालला, आताच न चालायला काय झालं?” शेवटी त्यांच्या सासऱ्यांचा विट्यातला बिगरशेती प्लॉट तारण गेला. थोरल्या भावानं जामिनावर सही केली. पहिल्या हप्त्याला कमी पडले ते पतसंस्थेतून काढले, आणि बायकोच्या पाटल्या गलाईवाल्या मेहुण्याकडं गेल्या. मुलाच्या नावावर एक कर्ज दिसतं, पण त्याच्यामागं चार घरांची मालमत्ता अडकलेली असते.

याचा परिणाम मला पुढं प्रत्येक मुलाशी बोलताना दिसला. फिरायला गेलो, हे घरी सांगायची त्यांना चोरी वाटते. आजोबांचा प्लॉट गहाण पडलेला असताना आपण डोंगर चढलो, तळ्याकाठी तंबूत राहिलो, दुसऱ्या देशात जाऊन चित्रं पाहिली, हे आईच्या कानावर कसं घालायचं? त्यामुळं फोनवर तीनच विषय राहतात: जेवलास का, अभ्यास झाला का, पैसे पुरतात का. फोटो एका वेगळ्या ग्रुपवर जातात, ज्यात घरचं कुणी नसतं.

शिष्यवृत्तीवर गेलेल्या मुलांचं बोलणं जरा मोकळं असतं, हेही जाणवलं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ७५ जणांची निवड होते आणि त्यासाठी जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठात प्रवेश मिळवावा लागतो. जागा थोड्या, पण ज्याला मिळते त्याच्या घराची भिंत गहाण पडत नाही. तो काय पाहिलं ते सांगू शकतो.

तेवीस किलो

सागरेश्वरच्या डोंगराकडच्या एका गावात मी बॅग भरली जात असताना बसून होतो. मुलगी जर्मनीला निघाली होती. दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. किराणा दुकानातून ताणकाटा मागून आणला होता आणि तो माळवदाच्या कडीला अडकवून चुलत भाऊ दर पाच मिनिटांनी वजन सांगत होता. कांदा-लसूण मसाला दोन किलो, शेंगदाण्याची चटणी, भडंग, घरचं ज्वारीचं पीठ, हुलग्याचं पीठ, तीन लिटरचा कुकर, उलथनं, आणि चष्म्याची जादा जोडी. तिकडं चष्मा महाग पडतो, ही खबर आधी गेलेल्या मुलींनी दिली होती. आजीनं साजूक तुपाची बरणी आणून ठेवली. मुलीनं ती बाजूला काढली. युरोपात बाहेरून दूध, तूप, मांस नेता येत नाही. जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून तो नियम आहे. साताऱ्याच्या मावशीनं आणलेले कंदी पेढेही राहिले. आजीला रोगाचं कारण पटलं नाही. “आमच्या म्हशीला कसला रोग?” असं तीन वेळा म्हणून तिनं बरणी आत नेली.

काटा साडेचोवीसवर अडला. काय काढायचं यावर घरात बरीच चर्चा झाली, आणि निघाली ती पुस्तकं. मला त्याचं वाईट वाटलं, पण मुलीचा हिशेब बरोबर होता. पुस्तकं तिथल्या ग्रंथालयात मिळणार होती, हुलग्याचं पीठ मिळणार नव्हतं. कुकर मात्र कुणाच्याही यादीतून हटला नाही. या कुकरांचं पुढं काय होतं, तेही नंतर कळलं. शिक्षण संपवून निघणारी मुलगी कुकर नव्या मुलीला देऊन जाते, ती तिच्या पुढचीला. एका विद्यार्थिगृहात तीन तुकड्यांचा भात शिजवलेला कुकर आहे, असं कौतुकानं सांगणारी मुलगी मला भेटली.

अर्धा प्याला चहा

या भागातून परदेशी जाणाऱ्यांत वैद्यकीय शिक्षणासाठी निघालेली मुलं बरीच आहेत. नीटमध्ये पात्र ठरायचं, पण सरकारी जागा हुकते आणि खासगी महाविद्यालयाची फी आवाक्याबाहेर असते. कराड, विटा, सांगलीच्या चौकांत रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तानचे फलक दिसतात, ते या मुलांसाठी. एजंट शहर दाखवतो, वसतिगृह दाखवतो, भारतीय मेस दाखवतो. तो सहलीसारखं शिक्षण विकतो, हा माझा राग आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, तिथं वर्षभर आंतरवासिता हवी, परत आल्यावर इथंही ती करावी लागते, आणि त्याआधी तीनशे प्रश्नांच्या परीक्षेत दीडशे गुण मिळवावे लागतात. जून २०२४ च्या त्या परीक्षेत साधारण पाचातला एकच उत्तीर्ण झाला. हे चौकातल्या फलकावर नसतं.

बिश्केकला चौथ्या वर्षाला असलेला एक मुलगा उन्हाळी सुट्टीला आला होता. सुरुवातीला तो फी, मेस आणि परीक्षा एवढंच बोलला. घरचे उठून आत गेल्यावर मी त्याला तिथल्या माणसांबद्दल विचारलं, आणि मग तो थांबेना.

बिश्केकचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धाच तास पुढं. पण हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो आणि घरोघरी कोळसा जळत असल्यामुळं शहरावर धूर साचून राहतो. महाविद्यालयात जायला मार्शृत्का नावाची छोटी बस, आपल्या वडापसारखीच खच्चून भरलेली. पहिल्याच आठवड्यात तो तिच्यात बसून राहिला आणि एक म्हातारी समोर उभी होती. सगळी बस त्याच्याकडं बघू लागली. तिथं म्हाताऱ्या माणसाला उठून जागा न देणं ही फार मोठी बेअदबी. “आपल्याकडं एसटीत राखीव जागा लिहून ठेवावी लागती. तिथं लिहिलेलं नव्हतं,” तो म्हणाला.

दुसऱ्या वर्षी एका किर्गिझ वर्गमित्रानं त्याला गावाकडं घरी नेलं. दारात बूट काढायचे, वडीलधाऱ्यांनी बसल्याशिवाय बसायचं नाही, इथवर त्याला सगळं ओळखीचं वाटलं. मग तंदुरात भाजलेली, मधोमध ठसे उमटवलेली गोल रोटी आली. त्यानं तुकडा तोडला आणि उरलेली रोटी ताटाशेजारी पालथी ठेवली. मित्राच्या आजीनं काही न बोलता ती उचलून उलटी केली, ठशांची बाजू वर. रोटी पालथी घालत नाहीत, टाकत नाहीत, जमिनीवर पडली तर उचलून उंचावर ठेवतात. तो मला म्हणाला, की त्याला एकदम त्याची आजी आठवली. भाकरीला पाय लागला तर ती हात जोडायला लावायची. मग चहा आला, वाटीएवढ्या प्याल्यात, अर्धाच. त्याला वाटलं, यांच्याकडं चहा संपला. नंतर कळलं, की पाहुण्याला अर्धा प्याला देतात आणि संपला की पुन्हा भरतात. जितक्या वेळा भरला तितका मान. काठोकाठ भरून दिला तर ‘पिऊन निघा’ असा अर्थ होतो. कडेगावात कुणी पाहुण्याला अर्धा कप चहा दिला तर काय होईल, ते सांगायला नको.

अभ्यासाचा भाग तो मनापासून सांगत होता. शिकवणं इंग्रजीतून, पण खाटेवरचा रुग्ण रशियन नाहीतर किर्गिझ बोलतो. दुखतंय कुठं, कधीपासून, हे विचारता आलं नाही तर वॉर्डात नुसतं उभं राहावं लागतं. ज्या मुलांनी बाजारात, बसमध्ये, मित्राच्या घरी भाषा उचलली, त्यांनाच रुग्णाजवळ जाता आलं. मेस आणि वसतिगृह यांच्यामध्येच पाच वर्षं काढणारी मुलंही आहेत. त्यांना रुग्ण दिसतो, पण त्याचं म्हणणं कळत नाही. परदेशात हिंडणं ही चैन नाही, तो वैद्यकीय शिक्षणाचाच भाग आहे, हे मला या मुलाच्या बोलण्यातून नीट कळलं.

भीतीचा काळही त्यानं पाहिला. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये जमावानं परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. भारतीय दूतावासानं मुलांना घराबाहेर पडू नका असं कळवलं. दिवे मालवून खोलीत बसलेल्या या पोरांना घरमालकिणीनं दाराशी पाव आणि दूध आणून ठेवलं. मारणारे तिथलेच होते आणि पाव देणारीही तिथलीच. गावात मात्र मारहाणीचीच चित्रफीत फिरली. त्याआधी, २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हाही असंच झालं. मुलं थंडीत सीमेपर्यंत चालली, पोलंड-रोमानिया-हंगेरीतून ‘ऑपरेशन गंगा’च्या विमानांनी परत आली, स्टँडवर हार-तुरे झाले. त्या वाटेवर अनोळखी बायकांनी दिलेल्या सूपबद्दल, स्थानकावरच्या गर्दीबद्दल त्यांना कितीसं बोलता आलं?

निघताना त्यानं मोबाईलमधले फोटो दाखवले. इसिक-कुल, साधारण सोळाशे मीटर उंचीवरचं अफाट तळं, कडाक्याच्या हिवाळ्यातही न गोठणारं. आणि ओश शहरातला सुलेमान डोंगर. त्या डोंगरावर तरुणपणी बाबरानं लहानशी वास्तू बांधली होती, हे त्याला तिथं गेल्यावर कळलं. “शाळेत बाबर पानिपतात आला एवढंच वाचलं होतं. तो निघाला कुठनं, ते बघितलं,” तो म्हणाला. हे फोटो त्याच्या वडिलांनी अजून पाहिलेले नव्हते.

खरडा आणि भोंगा

जर्मनीतल्या मुलीशी बोलणं व्हिडिओ कॉलवर झालं. ती अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी करते. तिथं बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी एका खात्यात अडकवून ठेवावे लागतात. मग त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. बापाच्या उसाचे पैसे असे महिन्याच्या महिन्याला मोजून हातात येतात. वर कमवायचं तर वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मर्यादा आहे. ती एका गोदामात खोकी भरते, आणि हे तिनं घरी सांगितलेलं आहे, कारण पैसे मिळवणं सांगायला अवघड नसतं.

तिचा पहिला धडा रविवारचा. शनिवारी रात्री पोचली आणि रविवारी दूध-भाजी आणायला निघाली, तर सगळं गाव बंद. कडेगावात बाजाराच्या दिवशी गाव भरतं. तिथं रविवारी दुकान उघडणं कायद्यानंच जवळपास बंद आहे. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, धुण्याचं यंत्र लावायचं नाही, गोंगाट नको. पहिले दोन महिने तिला ते सुतकासारखं वाटलं. आता रविवारी ती रानात चालायला जाते. कचरा चार डब्यांत वेगळा करायचा, प्लास्टिकची बाटली यंत्रात परत टाकली की पंचवीस सेंट मिळतात, हे तिच्या अंगवळणी पडलं आहे.

आणि मग खरडा. नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी तिला भाकरी-खरड्याची इतकी आठवण आली, की तिनं विजेच्या शेगडीवर तवा तापवून आशियाई दुकानातून आणलेल्या हिरव्या मिरच्या भाजायला घेतल्या. धूर वर गेला, छताच्या यंत्राला लागला आणि साऱ्या इमारतीत भोंगा सुरू झाला. पाच मजल्यांवरची मुलं पांघरुणं लपेटून खाली थंडीत उभी. अग्निशामक दलाची गाडी आली. हेल्मेट घातलेला माणूस वर गेला, शिंकत खाली आला. कुणी ओरडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं प्रत्येक मजल्यावर माफीची चिठ्ठी लावली. त्यावर एका इराणी मुलीनं खाली लिहिलं, की असा कोणता पदार्थ आहे, तो आम्हालाही दे. पुढच्या आठवड्यात खिडक्या सताड उघड्या ठेवून, मिरच्या तेलात झाकून परतून खरडा झाला आणि सहा देशांच्या पोरांनी तो दह्यात कालवून खाल्ला. त्या जेवणातून तिची मंडळी जमली. तीच पुढं तिच्याबरोबर रात्रीच्या बसनं प्रागला गेली, तिच्याबरोबर परीक्षेला बसली आणि ती तापानं फणफणली तेव्हा औषध घेऊन आली.

तिथल्या वर्गाबद्दल तिनं जे सांगितलं ते मला अधिक मोलाचं वाटतं. प्राध्यापकांनी फळ्यावर मांडलेल्या गणितात तिला एक चूक दिसली. ती गप्प बसली. शेजारच्या मुलानं हात वर करून सांगितलं. प्राध्यापकांनी बघितलं, आभार मानले, पुसलं आणि पुढं गेले. “मला आधी दिसली होती. पण आपण कसं सांगायचं, या विचारात मी राहिले.” पुढच्या सत्रात ती बोलू लागली. सुट्टीत घरी आल्यावर वडिलांनी ठिबकच्या नळ्यांचा हिशेब मांडला तेव्हा तिनं त्यातली चूक दाखवली. वडील रागावले, रात्री पुन्हा हिशेब करून बघितला आणि सकाळी नळ्या बदलून आणल्या. परदेशातून तिनं काय आणलं असं कुणी विचारलं, तर मी या नळ्यांकडं बोट दाखवीन.

साताऱ्याची शाळा, कुंडल रोडचं स्टेशन

ही वाट नवी नाही. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव रामजी आंबेडकर यांचं नाव दाखल झालं. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. तेरा वर्षांनी, १९१३ च्या जुलैत, सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथलं जेवण त्यांना रुचेना, म्हणून पहिल्या वसतिगृहातून ते बाहेर पडले आणि पुढं नवल भथेना या पारशी मित्राबरोबर एका खोलीत राहिले. या मैत्रीनं त्यांना आयुष्यभर साथ दिली. जॉन ड्युई, सेलिग्मन यांच्यासारखे गुरू मिळाले. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवलं आहे, की युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. आणि परत येऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात उतरले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. परदेशी शिक्षणाचा सगळ्यांत खोल सांस्कृतिक अनुभव कोणता, याचं उत्तर माझ्या मते या दोन प्रसंगांमधल्या अंतरात आहे.

शाहू शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाऊन आलेला एक तरुण लंडनमधल्या १०, किंग हेन्रीज रोड या घराबद्दल बोलला. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथं राहत. राज्य सरकारनं ते घर २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केलं. तो तिथं तास-दीड तास बसला होता. भाड्याच्या खोलीसाठी लंडनमध्ये फोन करताना आडनावावरून कुणी जात विचारली नाही, पण ज्या भारतीय मुलांनी खोली मिळवून दिली त्यांतल्या एकानं विचारली, हे त्यानं शांतपणे सांगितलं.

दुसरी वाट याच परिसरातून जाते. औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तिथून १९२२ मध्ये शंतनुराव किर्लोस्कर अमेरिकेत एमआयटीला यांत्रिकी अभियांत्रिकी शिकायला गेले आणि १९२६ मध्ये पदवी घेऊन परतले. आगगाडी, मग आठवडे खाणारी बोट. घरून पत्राचं उत्तर यायचं ते महिने उलटून. त्याच किर्लोस्करवाडीत शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं होतं. नांगराच्या कारखान्याचं ते पत्र पुढं महाराष्ट्राचं मोठं मासिक झालं. ज्या माळावर नांगर ओतले जात होते, त्याच माळावर जगात काय चाललंय ते छापून घरोघर पाठवण्याची सोयही होती. आज माळावरून जाणारी मुलं शंभरपट आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. ऐकून, लिहून घेऊन सगळ्यांपुढं ठेवणारं कुणी तेवढं नाही.

दोन सण, एक दिवस

६ जुलै २०२५ ला आषाढी एकादशी आणि मोहरमचा दहावा दिवस एकत्र आले. कडेगावचे गगनचुंबी ताबूत प्रसिद्ध आहेत. हिंदू आणि मुसलमान, दोन्ही घराण्यांचे मानाचे ताबूत, त्यांच्या भेटी आणि त्या भेटी बघायला लोटलेली गर्दी. गळ्यात माळ असलेली, उपवासाची माणसं ताबुतांना खांदा देताना दिसत होती. बिश्केकचा तो मुलगा गर्दीत भेटला, फोन उंच धरून. पलीकडं त्याचा किर्गिझ वर्गमित्र होता, तोच, ज्याच्या आजीनं रोटी उलटी केली होती.

त्यामागं एक हकीकत होती. आदल्या वर्षी या मित्राला त्यानं ताबुतांची चित्रफीत दाखवली, तेव्हा मित्रानं प्रश्नांची सरबत्ती केली. एवढं उंच कसं बांधतात? लाकूड कोणतं? खिळे किती? तुम्ही मुसलमान नसताना खांदा का देता? याला एकाचंही उत्तर धड देता आलं नाही. जन्मापासून बघतोय, पण विचारलं कधीच नव्हतं. म्हणून यंदा सुट्टीत आल्याबरोबर तो ताबूत बांधणाऱ्यांपाशी जाऊन बसला. बांबूच्या चिपा आणि सुतावर सगळी बांधणी होते, आणि ती वरून खाली होते, आधी कळस मग पाया. तयार झालेला भाग उचलून त्याखाली पुढचा मजला जोडत जातात. बांधणाऱ्या चाचांनी त्याला हातात सूत देऊन दोन फेरे घालायला लावले. चाचा म्हणाले, की गावातल्या पोरानं हे विचारायची बऱ्याच वर्षांतली ही पहिली वेळ.

परमुलखात कुणी तरी विचारलं, म्हणून या पोराला स्वतःचं गाव विचारावंसं वाटलं. गावानं त्याला काय विचारलं? त्याच दुपारी माझ्यादेखत चौघांनी विचारलं, आणि प्रश्न एकच होता: डॉक्टर झाल्यावर तिकडं पगार किती?

तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांना हे सगळं मी सांगितलं, तर त्यांनी त्याच आठवड्यात त्या मुलाला आठवी-नववीच्या वर्गापुढं उभं केलं. पहिली दहा मिनिटं तो अभ्यास, चिकाटी, आईवडील असं भाषणातलं बोलला. मग एका मुलानं विचारलं, बर्फ खाल्ला का? तिथून तास वेगळाच झाला. तिथं ऊस होतो का? म्हैस असते का? घोडीचं दूध पितात, खरं का? प्यायलास? (प्यायला होता. आंबट लागतं.) रुग्ण मेला तर घरच्यांना कुठल्या भाषेत सांगायचं? मुली एकट्या हिंडतात का? तुला कुणी मारलं का? मारायला आले तेव्हा कुणी वाचवलं? हा शेवटचा प्रश्न मला दिवसभर विचारता आला नव्हता. तो नववीतल्या मुलीनं सहज विचारला, आणि तेव्हा पाव-दुधाची गोष्ट पहिल्यांदा चारचौघांत सांगितली गेली. मागच्या बाकावर त्याचे वडील बसले होते. तास सुटल्यावर त्यांनी मुलाकडं मोबाईल मागितला आणि व्हरांड्यात उभं राहून इसिक-कुलचे फोटो एकेक करून बघितले. “हे किती लांब हाय तुझ्या कॉलेजापासनं?” त्यांनी विचारलं.

आता दिवाळीच्या सुट्टीनंतर जर्मनीतली मुलगी पडद्यावरून बोलणार आहे. मुख्याध्यापकांना शनिवार हवा होता, पण शनिवारची शाळा सकाळची, आणि इथं साडेआठ वाजतात तेव्हा तिथं पहाटेचे चार. म्हणून शुक्रवार दुपारी साडेतीनची वेळ ठरली आहे. मुलांनी प्रश्न आधी लिहून द्यायचे आहेत, आणि शाळेच्या हस्तलिखितात यंदा चार पानं या दोघांच्या उत्तरांसाठी राखली आहेत.